स्टुडिओसाठी नॅस: डिस्क कोणती घ्यायची याआधी दुसरी प्रत कुठे राहणार ते ठरवा

तुमची परिस्थिती मला अशी समजली. सांगलीत तळमजल्यावर स्टुडिओ आहे, कामं मुख्यतः लग्नं, मुंजी आणि बारशांची. एडिटिंगचे दोन पीसी आणि एक लॅपटॉप. गेल्या ९ वर्षांचं काम १४ एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर लोखंडी कपाटात ठेवलेलं, सगळं मिळून ८ टीबीच्या आसपास. दरवर्षी साधारण २ टीबीची भर पडते. एक डिस्क महिनाभरापासून टक्-टक् वाजते आणि उघडत नाही. दुकानदार म्हणतो, चार कप्प्यांचा नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, जो सगळ्या पीसींना एकत्र वापरता येतो) घ्या, रेड-५ लावा, मग बॅकअपची गरजच नाही. तुम्हाला विचारायचंय की नॅस कोणता, डिस्क कोणत्या, सेटिंग कसं करायचं आणि क्लायंटला घरबसल्या फोटो दाखवता येतील का.

पुण्यात राहून मी सतरा वर्षं हेच काम करतोय. स्टुडिओ, सीए ऑफिसं, दवाखाने, छोटे कारखाने, सगळीकडे नॅस बसवलेत आणि बिघडलेलेही पाहिलेत. तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

ती टक्-टक् करणारी डिस्क आत्ता, या क्षणी काढून ठेवा. पुन्हा लावून बघू नका. तो आवाज बहुतेक वेळा हेड, म्हणजे तबकडीवरची माहिती वाचणारा भाग, जागेवर जाऊन परत मागे येण्याचा असतो. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा साधा कण त्या फटीच्या हजारो पट मोठा. हेड बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी वीज दिल्यावर ते तबकडीवर ओरखडा काढण्याची शक्यता असते, आणि ओरखडलेला भाग जगात कुणीही परत आणू शकत नाही. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कुणी टेबलावर झाकण उघडून ‘बघतो जरा’ म्हणालं, तर डिस्क उचला आणि घरी या. धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच पाठवा, आणि पाठवण्याआधी त्या डिस्कवर कुणाची लग्नं आहेत त्याची यादी करा. काही कामांची अल्बमची जेपीजी दुसरीकडे निघतील, काहींचे फोटो क्लायंटच्या पेनड्राइव्हवर असतील. कशासाठी पैसे मोजायचे ते त्या यादीवरून ठरेल.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे. रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, यासाठीची सोय. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तंतोतंत तेच लिहिलं जातं. रेड-५ मध्ये तीन किंवा जास्त डिस्कवर माहिती आणि तिचा ताळा विभागून ठेवतात, त्यामुळे कुठलीही एक गेली तरी बाकीच्यांवरून ती भरून काढता येते. सोय उत्तमच आहे. पण तुम्ही फोल्डर पुसलात तर तो सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फाइल कुलूपबंद केली तर सगळीकडे कुलूपबंदच लिहिली जाते. नॅस चोरीला गेला, विजेच्या झटक्याने आतलं सर्किट जळलं, पाण्यात गेला, तर चारही डिस्क एकाच डब्यात असतात.

नाशिककडच्या एका स्टुडिओत मी रेड-१ लावून दिलं होतं आणि बॅकअपची डिस्क ‘पुढच्या महिन्यात घेतो’ म्हणून राहिली होती. सीझनच्या ऐन गर्दीत त्यांच्याकडचा मुलगा मेमरी कार्ड रिकामं करत होता. शेजारी शेजारी दोन खिडक्या उघड्या, एकीत कार्ड, एकीत नॅसवरचा फोल्डर. त्याने सगळं निवडलं आणि डिलीट केलं, चुकीच्या खिडकीत. विंडोजमध्ये नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून पुसलेली फाइल त्या पीसीच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. नॅसचा स्वतःचा रीसायकल बिन मी सुरू केला नव्हता. ती चूक माझी. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, हिरवे दिवे लागले होते आणि हळद ते सप्तपदीपर्यंतचं सगळं गेलं होतं. कार्डावरून निम्म्याच्या आसपास परत काढता आलं. त्या आई-वडिलांना स्टुडिओवाल्याने फोन केला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तेव्हापासून बॅकअपची डिस्क सोबत घेतल्याशिवाय मी नॅस बसवायला जात नाही.

म्हणून हिशेब असा धरा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हा नियम मुळात एका छायाचित्रकारानेच रूढ केला, तुमच्याच धंद्यातल्या माणसाने. पहिली प्रत नॅसवर. दुसरी मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवर, जी नॅसच्या यूएसबीला आठवड्यातून एकदा लावायची, बॅकअप झाला की काढून ठेवायची. काढायचीच. लावून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही दिसते आणि विजेच्या झटक्यालाही. तिसरी प्रत अशाच दुसऱ्या डिस्कवर, पण स्टुडिओच्या बाहेर.

सांगलीकराला या ‘बाहेर’चा अर्थ मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. तुमचा स्टुडिओ तळमजल्यावर आहे. नॅस भिंतीवर उंच बसवा, हे आहेच. पण खरी तिसरी प्रत तुम्ही लिहिलेल्या मिरजेच्या बहिणीकडे, दुसऱ्या मजल्यावर ठेवा. महिन्यातून एकदा जाल तेव्हा ताजी डिस्क ठेवायची, तिथली जुनी परत आणायची. दोन डिस्क अशा आलटून पालटून फिरल्या की झालं. पिशवीतून नेताना मऊ कापडात किंवा जुन्या टॉवेलात गुंडाळून न्या, स्कूटरच्या डिकीत नुसती टाकू नका.

क्लाउडचं विचाराल, तर सगळं वर चढवण्याच्या फंदात पडू नका. ४० एमबीपीएसच्या अपलोडला १ टीबी चढायला अखंड ५५ तास लागतात, तेही वेग पूर्ण मिळाला तर. क्लाउडवर फक्त निवडलेले, एडिट झालेले जेपीजी ठेवा. उद्या सगळंच गेलं तरी प्रत्येक घराला अल्बम देता येईल एवढं तरी हातात राहतं.

आता यंत्र. तुमच्यासाठी चार कप्प्यांचाच घ्या, पण चारही भरू नका. १६ टीबीच्या दोन डिस्क, रेड-१. विंडोजमध्ये त्या १४.५ टीबी दिसतील, त्यात फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जागा ऐंशी टक्क्यांच्या वर भरू देऊ नये, कारण स्नॅपशॉटना (फाइलींची त्या त्या वेळची गोठवलेली स्थिती, पुढे सांगतो) जागा लागते आणि भरत आलेला साठा रेंगाळतो. म्हणजे आजचं ८ टीबी टाकून पुढची दोन-अडीच वर्षं निश्चिंत. मग उरलेल्या दोन कप्प्यांत दुसरी जोडी, वेगळा साठा (पूल) म्हणून. 

रेड-५ वाईट नाही, पण तुमच्या कामाला मला रेड-१ जास्त पटतं. एक डिस्क गेली की रेड-५ ला उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नवी भरावी लागते. ८ टीबीच्या डिस्कला हे उत्तम वेगातही बारा-तेरा तास चालतं, आणि मध्ये तुम्ही काम करत असाल तर दीड-दोन दिवस. सगळ्या डिस्क एकाच वयाच्या, सगळ्यांवर तोच ताण. दुसरी कोसळण्याची भीती नेमकी याच वेळी सगळ्यात जास्त असते. रेड-१ मध्ये फक्त जोडीदाराची नक्कल करायची असते. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका, किंवा निदान वेगवेगळ्या बॅचच्या मागा. डिस्क कुरिअरने मागवत असाल तर खोका उघडतानाच पाहा: फोमच्या चौकटीत घट्ट बसवून आली असेल तर ठीक, बबल रॅपमध्ये नुसती गुंडाळून मोठ्या खोक्यात खुळखुळत आली असेल तर सरळ परत करा.

डिस्क घेताना एकच शब्द पक्का धरा: सीएमआर, ज्यात माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी असतात. दुसरा प्रकार एसएमआर, ज्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवायला ती चालते, पण रेडमध्ये नवी डिस्क भरताना ती कूर्मगतीने चालते, कधी अध्येमध्ये अडकतेच. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ नावाच्या (लाल या अर्थी, वरच्या रेड-१ शी संबंध नाही) काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. त्यानंतर कंपनीने सीएमआरसाठी रेड प्लस हे वेगळं नाव आणलं. तेव्हा सीगेटची आयर्नवुल्फ, डब्ल्यूडीची रेड प्लस किंवा रेड प्रो, तोशिबाची एन३०० यांपैकी जी मिळेल ती घ्या. साधी डेस्कटॉपची डिस्क स्वस्त पडते, पण वाचताना अडली की ती एकटीच मिनिटभर झगडत बसते. नॅसला वाटतं ती मेली आणि तो तिला बाहेर काढतो. नॅसच्या डिस्क काही सेकंदांत हात वर करतात आणि बाकीचं काम रेडवर सोडतात.

नॅसची कंपनी या सगळ्यात मला दुय्यम वाटते. सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर शिकायला सोपं, क्यूनॅप आणि असुस्टोरमध्ये त्याच पैशांत हार्डवेअर बरं मिळतं. जुन्या पीसीवर ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर टाकून मीही कित्येक चालवलेत, पण तुमच्याकडे त्याच्याकडे बघणारा माणूस नाही, म्हणून तयारच घ्या. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलांवर इतर कंपन्यांच्या डिस्कना आडकाठी केली होती, ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढली. तरी घेण्याआधी त्या मॉडेलच्या पानावर डिस्कची यादी पाहून घ्या. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) आणि स्नॅपशॉट त्यात हवेतच. त्याशिवायचा नॅस तुम्हाला मी सुचवणार नाही.

वायरिंग. वायफायवर एडिटिंग करू नका. गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) आणि कॅट-६ केबल, नॅस आणि दोन्ही पीसी त्याच स्विचला. मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला ११० एमबीच्या आसपास दिसलं पाहिजे. ११ एमबी दिसलं तर नॅसला दोष देऊ नका, केबल पाहा. एका ठिकाणी दोन महिने लोक नॅस मंद आहे म्हणत होते. मी जाऊन केबलच्या टोकाची क्लिप काढून प्रकाशात धरली, तर आठ तारांपैकी तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती, पितळी दाताच्या अलीकडे थांबली होती. आठपैकी चार तारा धड असल्या तरी जोडणी चालू राहते, फक्त शंभर एमबीपीएसवर उतरते. म्हणून कुणाला कळत नाही. नवी क्लिप मारली, पाच मिनिटांचं काम.

विजेचं मात्र मनावर घ्या. घरचा इन्व्हर्टर पुरतो असं बरेच जण समजतात. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या मधल्या क्षणात नॅस बंद पडू शकतो, आणि त्या वेळी तो लिहीत असेल तर फाइल सिस्टिमला इजा होते. शिवाय बॅटरी संपत आली हे नॅसला सांगणारं कुणी नसतं. ६०० व्हीएचा, यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या. ती यूएसबी वायर नॅसला लावा आणि सेटिंगमध्ये सांगा की लाइट गेल्यावर पाच मिनिटांनी सगळं नीट आवरून बंद हो. त्या यूपीएसवर नॅस, राउटर आणि स्विच एवढंच, प्रिंटर नको. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, ती तारीख यूपीएसवर मार्करने लिहून ठेवा. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगही तपासून घ्या; न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांहून जास्त दाखवत असेल तर आधी ते दुरुस्त करा. नॅस बंद कपाटात ठेवू नका. मे महिन्यात डिस्कचं तापमान ४५ च्या आत राहील अशी हवा खेळती पाहिजे.

पहिल्यांदा सुरू केल्यावर, कुठलाही फोटो टाकण्याआधी, तासभर बसून पुढचं करा. सॉफ्टवेअर अपडेट. स्वतःच्या नावाचं नवं प्रशासक खातं, आणि ‘अ‍ॅडमिन’ नावाचं आयतं खातं बंद. दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू. राउटरमध्ये नॅसला कायमचा एकच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) राखून ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी पीसीला ड्राइव्ह सापडणार नाही. एसएमबी-१ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत बंद, २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस याच जुन्या दारातून पसरला होता. मग फोल्डर दोनच: ‘चालू कामे’ आणि ‘संग्रह’. प्रत्येक माणसाला त्याचं त्याचं खातं, सगळ्यांना एक पासवर्ड नाही. चालू कामांत सगळ्यांना लिहिता येईल, संग्रहात फक्त वाचता येईल, आणि अल्बम पोचल्यावर काम संग्रहात हलवण्याचा हक्क तुमच्याकडे. एवढं केलं असतं तर नाशिकचं ते लग्न वाचण्याची शक्यता बरीच होती. आतल्या फोल्डरची नावं तारखेपासून सुरू करा, वर्ष आधी: २०२५-०२-१४, मग घराण्याचं नाव. नऊ वर्षांचं काम आपोआप क्रमाने लागतं.

फोटो एडिटिंगच्या लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग (फोटोंची आणि बदलांची नोंदवही) पीसीच्याच एसएसडीवर राहू द्या. नेटवर्कवरून तो उघडतच नाही. मूळ फोटो नॅसवर, कॅटलॉग पीसीवर, आणि कॅटलॉगचा बॅकअप रोज नॅसवर.

स्नॅपशॉट सुरू करा: चालू कामांचा दर तासाला, संग्रहाचा रोज रात्री. स्नॅपशॉट म्हणजे फाइलींची नक्कल नव्हे, त्या घटकेची स्थिती गोठवून ठेवणं. फक्त बदललेल्या भागाला जागा लागते. कुणी काही पुसलं तर तासाभरापूर्वीचं चित्र परत आणता येतं. तासाचे दोन दिवस, रोजचे महिनाभर ठेवा. शिवाय महिन्यातून एकदा स्क्रबिंग लावा, ज्यात नॅस प्रत्येक ब्लॉक वाचून ताळा जुळतो का बघतो आणि बिघडलेला दुसऱ्या डिस्कवरून सुधारतो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फोटोत आडवा राखाडी पट्टा आलेला तुम्ही कधी पाहिला असेल, त्यावरचा हा उपाय.

इशाऱ्याचे ईमेल तुमच्या फोनवर येतात का, ते चाचणीचं ईमेल पाठवून बघा. एक डिस्क मेलेली असताना चार-पाच महिने तसेच चाललेले नॅस मी पाहिलेत; बीप बंद केलेली आणि ईमेल कुणा सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. स्मार्टच्या यादीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) खराब झालेल्या जागा मोजणारे तीन आकडे ओळखून ठेवा: क्रमांक ५, १९७ आणि १९८. हे शून्य असावेत. ५ क्रमांकाचा आकडा एकदा वाढून थांबला तर लक्ष ठेवा, दर आठवड्याला वाढत असेल तर वॉरंटीत बदलून घ्या, मरायची वाट पाहू नका. १९९ वाढत असेल तर बहुधा डिस्क नाही, जोडणी सैल आहे.

बाहेरून बघण्याबद्दल. नॅस थेट इंटरनेटवर उघडा करू नका. राउटरमधलं यूपीएनपी (बाहेरची दारं आपोआप उघडणारी सोय) बंद ठेवा, पोर्ट फॉरवर्डिंग (तेच दार हाताने उघडणं) नको. २०२२ च्या जानेवारीपासून डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) असे उघडे ठेवलेले हजारो क्यूनॅप कुलूपबंद केले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. त्याआधीच्या वर्षी, जूनमध्ये, डब्ल्यूडीचे माय बुक लाइव्ह हे नेटवर्कला जोडायचे डिस्कचे डबे लोकांच्या घरी बसल्या जागी दुरून कोरे केले गेले. तसंही बऱ्याच फायबर जोडण्यांत आपल्याला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता) मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग होत नाही. तुम्हाला स्वतःला घरून काम करायचं असेल तर टेलस्केल हे खासगी जोडणीचं सॉफ्टवेअर टाका; नॅस आणि लॅपटॉप जणू एकाच खोलीत असल्यासारखे जोडले जातात आणि दार कुणालाच दिसत नाही. क्लायंटला मात्र नॅसवर बोलावूच नका. निवडीचे चारशे जेपीजी तीन-चार जीबीत बसतात, ते ऑनलाइन गॅलरीवर चढवा आणि लिंक द्या. नवरीची मावशी अमेरिकेतून रात्री दोनला ती लिंक उघडेल, तिचा भार तुमच्या स्टुडिओवर कशाला?

राहिलं तेरा डिस्क हलवण्याचं काम. गिगाबिटवर ८ टीबी म्हणजे निव्वळ वीस तास, पण जुन्या छोट्या डिस्क त्या वेगाने देत नाहीत आणि अदलाबदलीत वेळ जातो, म्हणून एक आठवडा धरा. साध्या कॉपी-पेस्टने करू नका. टेराकॉपीसारखं साधन वापरा आणि त्यातली पडताळणी सुरू ठेवा, म्हणजे मूळ आणि नवी फाइल दोन्ही वाचून ताळा जुळवला जातो. प्रत्येक डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवा: कॉपी झाल्याची तारीख, किती फाइली, किती चुका. मग नॅसवरून पहिला बॅकअप दोन्ही एक्स्टर्नलवर घ्या, एक मिरजेला पोचवा, आणि तिथल्या लॅपटॉपवर त्यातलं एखादं जुनं लग्न उघडून पाहा. नुसती फोल्डरची नावं नाही, फोटो मोठा करून, व्हिडिओ दोन मिनिटं चालवून. तोवर जुन्या डिस्क पुसू नका, विकू नका. पूर्ण एक सीझन तशाच कपाटात राहू द्या.

तुळशीच्या लग्नानंतर तुमची धावपळ सुरू होईल, त्याआधी हे उरकायला हवं. सुरुवात सगळ्यात जुन्या डिस्कपासून करा. ती किती वेळा आणखी चालू होईल हे कुणालाच ठाऊक नाही. एकदा चालू झाली की कॉपी पूर्ण होईपर्यंत बंद करू नका, आणि मध्ये कुठली फाइल अडली तर तिच्यापाशी थांबू नका. ती वगळा, बाकी सगळं आधी बाहेर काढा, अडलेल्यांकडे शेवटी या.